भिंतीचा घास

नातीचा पुढचा दात पडला आणि सुनेची नोकरी कायम झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात आनंदीआनंद होता. नात दिसेल त्याला तोंड उघडून खिंडार दाखवायची, सून नव्या चपला वाजवत कामावर जायची, आणि दुपारचं घर म्हातारा एकटा सांभाळायचा. एकटा म्हणजे अक्का धरून. पण अक्का घरात असली काय नि नसली काय, आवाज तेवढाच व्हायचा. म्हाताऱ्याहून ती सात वर्षांनी मोठी. लग्न तिने केलं नाही, आणि चाळिशीच्या आतच भावाकडे राहायला आली ती कायमची. इतक्या वर्षांत तिला खोलीच्या मधून चालताना कुणी पाहिलं नव्हतं. ती भिंतीच्या कडेकडेने जायची, उजवा खांदा भिंतीला जवळजवळ टेकवून. कुणी समोरून आलं की थांबायची आणि तोंड भिंतीकडे करून उभी राहायची, माणूस पुढे जाईपर्यंत. सुनेला सुरुवातीला हे अपमानासारखं वाटलं होतं. पुढे सवय झाली. नातीला मात्र मजा वाटायची. “आजोबा, अक्काआजीने भिंतीला कान पकडून उभं राहायची शिक्षा केलीय, की भिंतीने तिला?” असं तिने एकदा विचारलं, आणि सगळे हसले. अक्काही हसली असावी, कारण तिचे खांदे हलले. तोंड भिंतीकडेच होतं.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली. बाहेर एक तरुण बाई उभी होती, काखेत कागदांची लांब गुंडाळी. ती आर्किटेक्ट होती, मोठ्या घराचं काम तिच्याकडे होतं. मोठं घर म्हणजे टेकडीच्या उतारावरचं ते जुनं, एकशेबारा फूट लांबीचं घर. पन्नास वर्षांपूर्वी गावात नुसतं ‘घर’ म्हटलं तरी तेच समजलं जायचं. नंतर तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, मग कुलपं आली, आणि आता तिथे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोल्या होणार होत्या. “काका, जुन्या नकाशावर मदतनीस म्हणून तुमची सही आहे,” बाई म्हणाली. “बाकी सगळे वारले म्हणे. तुम्ही एकटेच सापडलात.” “सापडलो म्हणजे काय, मी लपलो होतो का?” म्हातारा म्हणाला. त्याने टेबलावरचा नातीचा पसारा बाजूला केला. तिने नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर जे हाताला लागेल ते ठेवलं – चष्म्याचं घर, पेला, नातीची खडूची पेटी, एक बटाटा. आणि भोजनघर आणि वाचनघर यांच्या मधल्या काळ्या भरलेल्या पट्ट्यावर बोट टेकवलं. तिथे काळ्यात थोडी पांढरी जागा सोडून एक शब्द लिहिला होता. भ मोठा होता, री खाली घसरला होता, आणि व एखाद्या पोराने पळता पळता काढल्यासारखा. भरीव. म्हातारा कागदावर वाकला. एकेचाळीस वर्षांनी तो स्वतःचं अक्षर बघत होता. कागदावर लिहिलेला त्याच्या आयुष्यातला तो पहिला शब्द होता.

त्याला अक्षरं उशिरा आली, एकतिसाव्या वर्षी. तोवर घरं मोजणाऱ्या कचेरीत त्याने नुसती फीत धरली होती. फितीला दोन टोकं असतात. आकडा वाचणारा एका टोकाला असतो, त्याला मोजणीदार म्हणतात. दुसऱ्या टोकाला भिंतीवर अंगठा दाबून जो उभा असतो त्याला काही म्हणत नाहीत. फितीचं शून्य त्याच्या टोकाला, म्हणून मोजणीदार त्याला शून्या म्हणायचा. “शून्या, टेकव. शून्या, हलू नको, तू हललास की घर हलतं.” मोजणीदार काटकुळा होता, कानामागे पेन्सिल, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. त्यानेच शून्याला अक्षरं शिकवली, तीही खोल्यांच्या नावांवरून. त्यामुळे म्हाताऱ्याला क म्हटलं की अजून कोठार दिसतं आणि ज म्हटलं की जिना. त्या धंद्यात एक चाल होती. दिवसभर खोल्या आतून मोजायच्या, भिंतींची जाडी दारांच्या चौकटीत मोजायची, आणि संध्याकाळी सगळं मिळवून बाहेरच्या लांबीशी ताडून पाहायचं. दोन्ही आकडे कधीच जुळत नाहीत. एखादा इंच राहतो, कधी तीन. पुन्हा मोजायला कुणाच्या अंगात जीव उरलेला नसतो. मग मोजणीदार सगळ्यात जाड भिंत शोधायचा आणि राहिलेले इंच तिच्यात घालायचा. “भिंतीला घास दे,” तो म्हणायचा. “भिंत काही तोंड वर करून बोलत नाही.” सगळेच मोजणीदार असं करत. जगातल्या सगळ्या मोठ्या घरांच्या भिंती कागदावर खऱ्यापेक्षा थोड्या लठ्ठ असतात, हे त्या धंद्यातल्या माणसांनाच ठाऊक.

पण मोठ्या घरात त्या दिवशी इंच नव्हे, फूट उरले होते. बाहेरून एकशेबारा, आतून एकशेनऊ फूट चार इंच. दोन फूट आठ इंच कुठेतरी गेले होते. मोजणीदाराने शेंगदाणे खाणं थांबवलं. तो वाचनघरात गेला, पुस्तकांच्या कपाटांमधल्या लाकडी पॅनेलवर त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं, मग भोजनघरात जाऊन पलीकडून केलं, आणि शून्याकडे बघितलं. ते घर बांधणाऱ्याने दोन घरं बांधली होती, एकात एक. एक घर दिसायचं. समोरचा रुंद दगडी जिना, त्याच्या डाव्या हाताला बैठकीच्या तीन खोल्या, तिघींची दारं एका रेषेत, की पहिल्या दारात उभं राहिलं तर शेवटच्या खिडकीतलं झाड दिसावं. उजव्या हाताला भोजनघर, वाचनघर, काचेच्या छताची खोली. सगळं समोरासमोर, जोडीजोडीने, एका बाजूला शेकोटी तर दुसऱ्या बाजूलाही शेकोटी, जळो न जळो. आणि या घराच्या भिंतींच्या पोटात दुसरं घर होतं, दोन फूट आठ इंच रुंदीचं. हातात ताट धरलेला माणूस कोपर न घासता जाईल एवढी रुंदी. कोळशाच्या खोलीतल्या फळीमागून ते सुरू व्हायचं, भोजनघराच्या पाठीमागून सतरा पावलं जायचं, जिन्याच्या पोटात वळायचं, वर चढायचं, आणि झोपायच्या खोल्यांच्या पलंगांमागे संपायचं. त्याला दारं होती, पण दारांना मुठी नव्हत्या. खोलीतून बघणाऱ्याला ती पॅनेलंच वाटत. धुतलेली चादर पलंगावर यायची, जळालेला कोळसा शेकोटीतून जायचा, कोण आणतं आणि कोण नेतं ते मालकांना दिसू नये अशी ती रचना होती. शून्याला हे मोजणीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. अक्का बाराव्या वर्षी त्या घरात कामाला लागली, आणि घरी आई नव्हती, म्हणून पाच वर्षांच्या भावाला ती बरोबर न्यायची आणि दिवसभर त्या भिंतीत ठेवायची.

तो अंधार म्हाताऱ्याला अजून आठवत होता. काळा नव्हता तो, तपकिरी होता. त्याला ओल्या चुन्याचा आणि इस्त्रीचा वास होता. चौकटीच्या फटीतून पलीकडची माणसं उभी चिरलेली दिसत – अर्धा बूट, एक कान, काट्यावर टोचलेलं काहीतरी तोंडाकडे जाताना. तिथले नियम अक्काने त्याला हाताच्या खुणांनी शिकवले होते. पंजा उघडा म्हणजे ये. मूठ मिटलेली म्हणजे बोलू नको, काहीही झालं तरी. पलीकडे कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचं, कारण चेहरा दिसला नाही की माणूस दिसत नाही, असं मोठी मोलकरीण म्हणे. आणि खोकला आला तर फडकं. प्रत्येकीच्या कमरेला एक घडी घातलेलं फडकं अडकवलेलं असायचं, खोकल्याचं. खोकला घशात असतानाच ते तोंडात कोंबायचं आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी काढायचं नाही. एका मुलीचा आवाज भोजनघरात ऐकू गेला होता, तर तिला त्याच संध्याकाळी बोचक्यासकट बाहेर काढलं. अक्काचा आवाज सव्वीस वर्षांत एकदाही ऐकू गेला नाही. तिचा खोकला म्हाताऱ्याच्या घरातही कुणी ऐकला नव्हता. तिचे खांदे हलायचे, फडकं तोंडात असायचं. त्यामुळे ती हसतेय की खोकतेय हे कधी कळायचं नाही.

मोजणीदार म्हणाला होता, “तुझी बहीण इथेच आहे ना? जा, विचारून ये. भिंतीत काय आहे?” अक्का तेव्हा अडतीस वर्षांची होती, धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. त्याने विचारल्यावर तिने आधी घडी पुरी केली. मग म्हणाली, “कागदावर आणू नकोस.” तो म्हणाला, “अगं, पण मालकांना ठाऊकच असेल की.” “मालकांना चादर ठाऊक आहे. चादर कुठून येते ते त्यांनी कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “घर विकताहेत. नवा येईल तो कागद बघेल, आणि कागदावर असलं की फोडून मोठी खोली करेल. बाळ, एवढ्या मोठ्या घरात मला कुणी बघत नाही अशी तेवढीच जागा आहे. ती राहू दे.” तो परत आला आणि म्हणाला, “भरीव आहे म्हणते.” मोजणीदाराने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याने टकटक केलं होतं, त्याला कान होते. “दोन फूट आठ इंच,” तो म्हणाला. “मोठा घास आहे शून्या. बघ, भिंतीच्या घशात अडकेल.” मग कानामागची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. “लिही. तूच लिही. अक्षरं येतात ना आता?” पुढे कचेरीत बसून शून्याने तोच शब्द शाईने गिरवला, आणि भोवतीची भिंत काळी भरली.

“काका?” आर्किटेक्ट बाई म्हणाली. “ऐकताय ना? आमचं यंत्र लाल ठिपका टाकून मोजतं, पण ते भिंतीच्या आतलं सांगत नाही. इतर भिंती तीन फुटी, आणि कागदावर ही एकटी पाच फूट आठ इंच भरीव आहे. एवढी जाड भिंत कुणी का बांधेल?” “पूर्वीचे लोक,” म्हातारा म्हणाला, “त्यांना दगडाची हौस होती.” ती हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, “आमचे कामगार काहीबाही बोलतात. दुपारी भिंतीतून कुणीतरी चालतं म्हणे. पावलं नव्हे, कापड घासल्यासारखा आवाज. एक रंगारी काम सोडून गेला. मी म्हटलं उंदीर असतील, तर म्हणतो, बाई, उंदीर वळणावर थांबून श्वास घेत नाहीत.” म्हाताऱ्याने नकाशावरचा बटाटा उचलला आणि हातात धरून ठेवला. गेल्या थंडीपासून अक्का रोज अकराच्या सुमाराला काखेत एक बोचकं घेऊन बाहेर पडायची. जरा पाय मोकळे करून येते, म्हणायची. तीनच्या ठोक्याला परत यायची. आणि परत आली की तिच्या उजव्या खांद्यावर चुन्याचा पांढरा पट्टा असायचा. म्हातारा दाराशीच कपड्याचा ब्रश घेऊन उभा राहायचा आणि तो पट्टा झाडून टाकायचा. रस्त्यात ती भिंतीला घासत चालते हे त्याला ठाऊक होतं. रस्त्यातल्या भिंती पिवळ्या होत्या, हेही ठाऊक होतं. आता त्याला वाटलं, आपल्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. ब्रश आपण उगाच नव्हता घेतला. मोठ्या घराच्या फाटकावर बसलेल्या रखवालदाराला बोचकं घेतलेली म्हातारी दिसणारच नाही. अशी माणसं दिसू नयेत यासाठीच तर ते सगळं बांधलं होतं.

त्याने मान वर केली. आतल्या खोलीच्या दारात अक्का उभी होती, नेहमीसारखी पाठ करून, कपाळ चौकटीला टेकवून. तिचा डावा हात पाठीमागे होता. आधी पंजा उघडा होता. मग एकेक बोट मिटत गेलं, अंगठा शेवटी, आणि मूठ झाली. ती मूठ त्याने पासष्ट वर्षांत पाहिली नव्हती. पाच वर्षांच्या पोराने ऐकावं तसं बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने ऐकलं. “भरीव आहे,” तो म्हणाला. “मी स्वतः मोजलीय.” आर्किटेक्ट बाईने सुटकेचा श्वास सोडला. “मग काम सोपं झालं. ती कुजकी पॅनेलं झाकायची थांबलो होतो, आत पोकळी असेल तर उघडून बघावी म्हणून. आज दुपारीच दोन्ही बाजूंनी त्यांच्यावरच फळ्या ठोकून वरून गिलावा करतो. वरच्या खोल्यांत कालच झालं. कोळशाच्या खोलीत मागे एक भगदाड आहे, तेही विटांनी बंद करायला सांगते.” म्हातारा यावर बोलू शकला असता. तो बोलला नाही, आणि या वेळी ते मुठीमुळे नव्हतं. त्याला वाटलं, बंद होतंय तर होऊ दे. अक्काचं वय एकोणऐंशी. यापुढे खोटंही बोलावं लागणार नाही आणि ती जाणारही नाही. तिला दारच सापडणार नाही, ती परत येईल, खांदा स्वच्छ असेल, आणि ब्रश खिळ्याला टांगून ठेवता येईल. भिंतीला आणखी एक घास द्यायचा, की हिशेब जुळला.

बाई गेल्यावर त्याने नातीचा पसारा परत टेबलावर मांडला, होता तसा. त्यात बराच वेळ गेला, कारण खडू कुठल्या क्रमाने होते ते त्याला आठवेना. बारा वाजता तो आत गेला तर अक्काच्या चपला नव्हत्या. ठीक आहे, तो मनाशी म्हणाला, जाईल नि येईल. तो भात जेवला. एक वाजता खिडकीशी बसला. समोरच्या इमारतीची भिंत उन्हात होती आणि तिला अठरा खिडक्या होत्या. त्याने त्या पूर्वीच्या सवयीने डोळ्यांनी मोजल्या, मग दोन खिडक्यांमधल्या भिंती मोजल्या, मग बाहेरची लांबी अंदाजली, आणि ती जुळली नाही. त्याने पुन्हा मोजलं. घरात कुठेतरी कापड घासल्यासारखा आवाज आला. तो उठला, आतल्या खोलीत गेला, भिंतीला कान लावला. भिंत गार होती. पलीकडे शेजाऱ्यांचा नळ चालू होता, एवढंच. दोन वाजून गेल्यावर त्याला एकाएकी खोकल्याची उबळ आली, धूळ गेल्यासारखी. आणि का ते कळायच्या आत त्याने खिशातला रुमाल तोंडात कोंबला. रिकाम्या घरात, खिडकीशी, भिंतीकडे तोंड करून तो उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. रुमाल काढायला हात उठत नव्हता. तीन वाजले. तो ब्रश घेऊन दाराशी गेला. सव्वातीन झाले. साडेतीनला नात शाळेतून आली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही ब्रश घेऊन कुणाला मारायला उभे आहात?” तेव्हा त्याने तिला शेजारी सोडलं आणि तो तसाच, ब्रश हातात धरून, टेकडीकडे निघाला.

मोठ्या घराच्या फाटकातून तो आत गेला तेव्हा कामगार हौदावर थाप्या धूत होते. समोरचा जिना, डाव्या हाताला तीन दारं एका रेषेत. उजवीकडे भोजनघरात जिथे पॅनेलं होती तिथे आता ओला करडा गिलावा होता, छतापर्यंत, एकसारखा, सुंदर. “हात लावू नका आजोबा, ओलं आहे,” गिलावा करणारा मिस्त्री म्हणाला. म्हातारा म्हणाला, “फोडा.” मिस्त्रीला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. “भिंत पोकळ आहे,” म्हातारा म्हणाला. “मी खोटं लिहिलं होतं. आत माझी बहीण आहे.” हौदावरचं पाणी कुणीतरी बंद केलं. आर्किटेक्ट बाई जिन्यावरून धावत आली, तिने त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि ओरडली, “फोडा!” दोन कामगार कोळशाच्या खोलीकडे पळाले, तिघांनी इथे पहारी घातल्या. आणि मिस्त्री पहार चालवता चालवता सारखा एकच बोलत होता, कुणाला ते कळत नव्हतं. “आम्ही बारा ते एक जेवायला बसलो होतो, तेव्हा गेली असेल. एकपासून मी इथेच आहे. हाताच्या अंतरावर. अहो, नुसतं टकटक केलं असतं! नुसतं अरे म्हटलं असतं तरी थांबलो असतो. कान का बहिरे आहेत माझे? काही आवाज नाही हो. काहीसुद्धा नाही.”

फळी निघाली आणि तो तपकिरी अंधार खोलीत आला. वास तोच होता, चुना आणि इस्त्री. म्हाताऱ्याने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. उजवा खांदा भिंतीला लावून तो गेला. पाय आपोआप मोजत होते, आणि अकराव्या पावलाला ती होती. गुडघे पोटाशी घेऊन खाली बसली होती. ज्या बाजूने हातोडे वाजत होते त्या बाजूला तिची पाठ होती, पलीकडच्या भिंतीला कपाळ टेकलेलं. केसांवर, पापण्यांवर चुन्याची बारीक धूळ बसली होती. मांडीवर एक चादर होती, कडा जुळवून चार घड्या घातलेली. तोंडात फडकं होतं, पुरतं कोंबलेलं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून एका हाताने दाबून धरलेलं. पलीकडे माणसं आली होती. ती थांबली होती, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी पुढे जावं म्हणून. धुळीने खोकला आला होता, आणि तो कुणालाही ऐकू गेला नव्हता. दुसरा हात मांडीवर होता. मूठ मिटलेली होती. म्हाताऱ्याने ती सोडवायचा प्रयत्न केला, मग तशीच राहू दिली, आणि हातातल्या ब्रशने तिच्या उजव्या खांद्यावरची धूळ झाडू लागला. बराच वेळ झाडत राहिला, शेवटी मिस्त्रीने आत येऊन त्याचा हात धरला.

पुढच्या आठवड्यात आर्किटेक्ट बाईला ती जागा मोजावी लागली, चौकशीसाठी. यंत्राचा लाल ठिपका धुळीत नीट पडेना, म्हणून तिने साधी फीत आणली होती, आणि दुसरं टोक धरायला कुणी आत यायला तयार नव्हतं. म्हातारा आला. त्याने शून्याचं टोक भिंतीला टेकवलं आणि अंगठा दाबून धरला. “किती?” त्याने विचारलं. “दोन फूट आठ इंच,” ती म्हणाली. “लिहा,” तो म्हणाला.

अक्का त्या वर्षी मार्चच्या चौदा तारखेला, मंगळवारी, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान वारली.